कोठावद्यांचा गोदाघाट

हिरावाडीतल्या कोठावद्यांच्या घरी दिवाणावर एकट्याने बसता येत नसे. एका टोकाला कोणी बसलं, की दुसऱ्या टोकाची फळी उचलली जाई आणि आतून काहीतरी डोकं बाहेर काढी. कधी नायलॉनच्या फुलाचा हिरवा देठ, कधी साटीनची अर्धी गुंडाळलेली कळी, तर कधी काचेवर रंगवलेली राधा. कृष्ण नव्हता. कृष्णाची पाळी येईपर्यंत ज्योत्स्नाबाईंचा ग्लास पेंटिंगचा क्लास संपला होता आणि पॉट पेंटिंगचा सुरू झाला होता.

त्या काळात नाशकात बायकांसाठी जे जे क्लास निघाले, ते सगळे ज्योत्स्नाबाईंनी केले. केले म्हणजे लावले. पहिल्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी पोचत, शिकवणाऱ्या बाई सांगतील त्याच्या दुप्पट सामान घेत, आणि वस्तू पाऊण झाली की त्यांना पुढच्या क्लासची जाहिरात दिसे. आता यात त्यांचा काय दोष? जाहिरात देणाऱ्यांनी जरा दम धरायला नको का? उरलेलं सामान मात्र त्यांना टाकवत नसे. अर्धी ट्यूब, पाव डबी रंग, चिमूटभर चमकी, सगळं दिवाणात जाई.

दिनेशराव विमा कचेरीत होते. माणूस सरळ, पण बोलणं अटी आणि शर्तींचं. भाजी आणायला पाठवलं तरी मेथी नसल्यास काय आणायचं हे आधी ठरवून घेत. नव्व्याण्णव सालच्या दिवाळीत ते फराळ करत असताना फळी उचलली गेली आणि चहा नव्या पायजम्यावर सांडला. ते उठले, खाली गेले आणि भंगारवाल्याला तराजूसकट वर घेऊन आले.

"हे सगळं माझ्या उपयोगाचं आहे," ज्योत्स्नाबाई दिवाणावर ठाण मांडून म्हणाल्या.

"उपयोग केव्हा होणार?"

"होईल."

"तारीख सांग. लग्न झाल्यापासून या घरात तू केलेली एक वस्तू भिंतीवर नाही."

हे वाक्य ज्योत्स्नाबाईंना फार लागलं. खोटं असतं तर त्या भांडल्या असत्या, पण ते खरं होतं. शेवटी भंगारवाल्याच्या साक्षीने करार झाला. गुढीपाडव्यापर्यंत या उरलेल्या सामानातून एक तरी वस्तू पूर्ण करायची आणि ती भिंतीवर लागली पाहिजे. नाहीतर दिवाण रिकामा आणि क्लास कायमचे बंद. भंगारवाला चहा पिऊन, चिवडा खाऊन आणि पाडव्यानंतर परत येण्याचं कबूल करून गेला.

आणि मग दैवच धावून आलं म्हणायचं. कॉलेज रोडला एका हॉलमध्ये मुंबईच्या कोणी मॅडम 'मिक्स्ड मीडिया' दाखवायला येणार होत्या. ज्योत्स्नाबाई पहिल्या रांगेत. मॅडमनी कॅनव्हासवर गोंद थापला, त्यावर सुतळी, वर्तमानपत्राचे तुकडे, तुटकं घड्याळ चिकटवलं, वरून रंग ओतला आणि म्हणाल्या, "घरात उरलेलं काहीही चालतं. काहीही." ज्योत्स्नाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात प्रथमच कोणी शिकलेल्या माणसाने त्यांच्या दिवाणाला कला म्हटलं होतं. पंचवटीपर्यंतच्या रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंना त्यांनी सगळी कृती समजावून सांगितली. त्या बाईंचा स्टॉप मागेच गेला होता, पण त्या उतरल्या नाहीत.

उरलेलं सामान संपवायचं तर आधी थोडं नवीन आणावं लागतं, हे मॅडमनी सांगितलं नव्हतं. कॅनव्हास छोटा घ्यावा तर त्यावर अख्खा दिवाण मावणार कसा? म्हणून चार फूट बाय तीन फूट घेतला. त्याला द्यायचा पांढरा लेप छोट्या डब्यात मिळेना, म्हणून मोठा डबा घेतला. डबा उघडायला पाना आणला. खालच्या मजल्यावरच्या रोशनबींचे यजमान रहेमानभाई यांचं भद्रकालीत फ्रेमचं दुकान होतं. त्यांनी कॅनव्हास उलटा-पालटा करून पाहिला.

"भाभी, ये कपडा है. तुम इसपे दुकान चिपकानेवाले. मागे प्लाय मारावं लागेल."

ज्योत्स्नाबाईंनी मागच्या बाजूला आधीच मोठ्या अक्षरांत सही करून ठेवली होती, कारण पुढे जागा उरेल याची खात्री नव्हती. रहेमानभाईंनी प्लाय नेमकं तिच्यावरच ठोकलं. प्लायचे उरलेले तुकडेही ज्योत्स्नाबाईंनी मागून आणले. पंधरवडा झाला तेव्हा दिवाण होता तसाच भरलेला होता आणि शिवाय पलंगाखालची जागाही गेली होती. दिनेशराव फक्त कॅलेंडरकडे बघत.

आता कशाचं चित्र काढायचं हा किरकोळ प्रश्न उरला होता. तो वरच्या मजल्यावरच्या लताबाईंनी सोडवला.

"गोदाघाट काढा," त्या म्हणाल्या. "आपण पंचवटीत राहतो. स्वित्झर्लंड काढलं तर लोक विचारतील, का हो, गंगा दिसत नाही का तुम्हाला?"

नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. गोदाघाट ठरला आणि कामाला असा जोर चढला की स्वयंपाकघरात सलग तीन दिवस खिचडी झाली. घाटाच्या पायऱ्या पिस्त्याच्या टरफलांच्या. देवळांची शिखरं एम-सीलची. नदीला आरशाचे तुकडे. नायलॉनच्या फुलांची झाडं झाली, साटीनच्या कळ्यांमधून छत्र्यांची रांग झाली. काचेवरची राधा एका खिडकीत बसवली, आणि ती इतकी शोभली की कृष्ण केला नाही याचं ज्योत्स्नाबाईंना बरंच वाटलं. त्या सकाळी उठून दात घासायच्या आधी चित्राकडे जात. एखादी पायरी रात्रीतून घट्ट बसलेली दिसली की त्यांना इतका आनंद होई की त्या दिनेशरावांना उठवून दाखवत.

इमारतीत ही बातमी पसरल्यावर मात्र सामान कमी होईना. ज्या त्या घरात काहीतरी उरलेलं होतंच. लताबाई तुटलेल्या मंगळसूत्राचे काळे मणी घेऊन आल्या आणि ते कुठे लावायचे हेही सांगू लागल्या. रोशनबी ओढण्यांना टिकल्या लावायचं काम करत. त्यांनी नदीसमोर कमरेवर हात ठेवून बराच वेळ विचार केला.

"ज्योत्स्नाभाभी, पानी ऐसा नई चमकता. आईना है ये. थोड्या टिकल्या टाका मधे मधे, मेरे पास डब्बा भरके पडी हैं."

त्या टिकल्या टाकल्यावर नदी खरोखर हलायला लागली. डबा मात्र अर्धासुद्धा संपला नाही आणि रोशनबी तो परत न्यायला तयार नव्हत्या.

चित्र वाळायला गच्चीवर ठेवायचं ठरलं आणि तिथे सोसायटीचे सेक्रेटरी पुंजाराम आडवे आले. पुंजाराम निवृत्त तलाठी होते आणि गच्चीवर त्यांची बारीक नजर असे.

"गच्ची वाळवणासाठी आहे."

"हे वाळवायचंच आहे."

"वाळवण म्हणजे जे वाळल्यावर खाता येतं ते. ठराव झालेला आहे. हे तुम्ही खाणार का?"

ज्योत्स्नाबाईंनी खाली जाऊन कुरडयांचं ताट आणलं आणि चित्राच्या चारी बाजूंनी कुरडया मांडल्या. आता हे कुरडयांचं वाळवण होतं आणि मधे चुकून एक घाट होता. पुंजारामांनी ठराव मनात पुन्हा वाचला आणि ते गेले. दुपारी वारा सुटला. संध्याकाळी ज्योत्स्नाबाई वर गेल्या तेव्हा सात-आठ कुरडया उडून नदीवर चिकटल्या होत्या. त्या काढायला गेल्यावर लक्षात आलं की पुलाखालच्या पाण्याला फेस हवाच होता. लताबाई म्हणाल्या, मुंग्या लागतील. ज्योत्स्नाबाईंनी फेसाला वार्निश दिलं.

पाडव्याला आठवडा उरला असताना चित्र पूर्ण झालं. हे वाक्य ज्योत्स्नाबाईंच्या आयुष्यात पहिल्यांदाच आलं होतं, त्यामुळे त्यांनी ते रोशनबींना, लताबाईंना, दूधवाल्याला आणि फोनवरून माहेरी सांगितलं. दिनेशरावांनी स्वतः खिळा ठोकला. दोघांनी मिळून चित्र टांगलं, चार पावलं मागे जाऊन पाहिलं आणि चहा ठेवला. चहाला उकळी आली आणि बाहेरच्या खोलीत धरणीकंप झाला. चित्र खाली, खिळा खाली, आणि परातीएवढा गिलावा खाली. भिंतीपलीकडे पुंजारामांचं स्वयंपाकघर होतं. तिथल्या मांडणीवरून मिसळणाचा डबा पडला, आणि पुंजाराम हळदीने माखलेल्या पायांनी तक्रार घेऊन आले. घाटाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

"भिंतीवर राहिलं नाही," दिनेशराव म्हणाले.

"आपल्या भिंतीवर राहिलं नाही," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "भिंत कोणाची ते ठरलं नव्हतं."

दिनेशराव विम्यातले असल्यामुळे त्यांना हा मुद्दा मान्य करावा लागला. त्याच आठवड्यात त्यांचे साहेब बोरस्ते यांची इंदिरानगरला बंगल्याची वास्तुशांत होती. नवा बंगला, नव्या भिंती, दिवाणखाना मोठा. ज्योत्स्नाबाईंनी चित्राला चमचमता कागद गुंडाळला आणि टेंपो केला. बोरस्ते साहेबांनी एका हाताने आहेर घ्यायचा प्रयत्न केला आणि मग शिपायाला हाक मारली.

"अगंबाई, एवढं मोठं कशाला?" बोरस्तेवहिनी म्हणाल्या. त्या भिंतीकडे न बघता जिन्याखालच्या जागेकडे बघत होत्या, हे ज्योत्स्नाबाईंना तेव्हा कळलं नाही.

आपल्याकडे आहेर म्हणजे काय, हे कोणाला सांगायला नको. दिलेला खण तीन लग्नं फिरून आपल्याच कपाटात येतो आणि आपण तो पुन्हा चौथ्या लग्नाला देतो. पण ज्योत्स्नाबाईंना वाटलं, खणाची गोष्ट वेगळी. हे हाताने केलेलं आहे. त्या पाडव्याच्या आदल्या दिवशी श्रीखंडाचा डबा घेऊन इंदिरानगरला गेल्या. दिवाणखान्यात भिंतीवर एक घड्याळ होतं आणि एक कॅलेंडर.

"पॉलिशला दिलंय," बोरस्तेवहिनी श्रीखंडाकडे बघत म्हणाल्या.

पाडव्याच्या सकाळी रहेमानभाई जिन्यातूनच ओरडत आले. "भाभी, आपली नदी दुकानात आली होती. एक दातवाले डॉक्टर लाये. बोरस्ते साबनी दवाखान्याच्या उद्घाटनाला भेट दी."

पॉलिशला म्हणे! ज्योत्स्नाबाईंना देऊन आलेलं श्रीखंड आठवलं. डॉक्टरांनी जिन्यावरून नेताना मोठ्या देवळाचं शिखर मोडलं होतं. मग दातांचे ठसे घ्यायचं जे प्लास्टर असतं, त्यात त्यांनी स्वतः नवीन शिखर करून आणलं होतं आणि फक्त ते नीट बसवून द्या म्हणून सांगितलं होतं.

"कसं झालंय?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं. अपमान बाजूला राहिला होता.

"बहोत मजबूत. थोडा दाढेसारखा दिसतो. पण दूरसे बघितलं तर शिखरच."

दिनेशरावांनी मुदत संपल्याचं सांगितलं. ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, दवाखान्यालाही भिंती असतात. खात्री करायला त्या दुसऱ्याच दिवशी गंगापूर रोडला गेल्या. बाहेरच्या खोलीत हिरड्यांचा तक्ता होता, घाट नव्हता. आत असेल म्हणून त्यांनी दाढ दुखते असं सांगितलं. आत खुर्चीवर आडवं केल्यावर त्यांना फक्त छत दिसलं. डॉक्टर हुशार होते, त्यांनी दुखणारी दाढ शोधून काढली आणि भरली. ज्योत्स्नाबाई एका बाजूचं तोंड बधिर घेऊन घरी आल्या. चित्र त्याआधीच डॉक्टरांच्या मेहुणीच्या लग्नात गेलं होतं.

दिनेशरावांनी पुढची तारीख दिली. मग त्यापुढची. खरं सांगायचं तर भंगारवाला दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा दिनेशरावांनीच त्याला परत पाठवलं, कारण नदी कुठपर्यंत पोचली हे आता त्यांनाही कळायला हवं होतं. ऑफिसात ते ज्याला त्याला विचारत, तुमच्याकडे नुकतंच काही जड आलं का? रहेमानभाई मधूनमधून बातमी आणत. एकलहऱ्याच्या कॉलनीतल्या एका बाईंनी झाडांखाली लोकरीचं गवत केलं. कोणीतरी गणपतीच्या मखराचं थर्माकोल कापून पूल रुंद केला. प्रत्येकजण म्हणे, देण्याआधी जरा नीट दिसायला हवं ना. मग एक पावसाळा गेला, दुसरा गेला आणि बातम्या थांबल्या.

ज्योत्स्नाबाईंना वाईट वाटलं. आयुष्यात एक गोष्ट पुरी झाली, तिला अख्ख्या शहरात एक धड भिंत मिळू नये, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं. त्यांनी नवा क्लास लावला नाही. दिनेशरावांनी आपणहून जाहिराती कापून टेबलावर ठेवल्या, तरी नाही.

अशात लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आला. छोटा हॉल घेतला, जेवण, शेवटी कपातलं आइस्क्रीम. आहेर आणू नये असं पत्रिकेत छापलं होतं, म्हणून सगळे घेऊन आले. सायखेड्याहून दिनेशरावांच्या चुलतभावाची विहीण मंगलाबाई आल्या. त्यांच्यामागे दोन माणसं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं काहीतरी कण्हत कण्हत उचलून आणत होती. ते कण्हणं ज्योत्स्नाबाईंनी लगेच ओळखलं.

मंगलाबाईंनी सुतळी सोडली, कागद फाडला. गोदाघाट.

"म्या सोता केलंय," मंगलाबाई पदर सावरत म्हणाल्या. "आख्खा पावसाळा गेला बगा."

"अहो, पण हे तर..." दिनेशरावांनी तोंड उघडलं.

ज्योत्स्नाबाईंच्या अंगाची लाही लाही झाली होती. आहेर फिरवणं समजू शकतं, पण सरळ स्वतःचं म्हणून सांगायचं? चार माणसांत आता सगळं बोलायचं आणि प्लाय उचकटून सहीसुद्धा दाखवायची, म्हणून त्या पुढे झाल्या आणि चित्रासमोर वाकल्या. वाकल्या त्या तशाच राहिल्या.

नदीत आरसे नव्हते. एकही नव्हता. त्या जागी हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे होते, शेकडो, एकाआड एक तिरके बसवलेले, अगदी खालून वरपर्यंत. पाण्याला खोली आली होती. घाटावर चिंध्यांच्या बायका धुणं धूत होत्या. ज्योत्स्नाबाईंच्या घाटावर माणूसच नव्हतं. कुरडयांचा फेस मात्र जागच्या जागी होता, आणि बांगड्या त्याला वळसा घालून गेल्या होत्या.

"या बांगड्या कशाने बसवल्या?" त्यांनी विचारलं. आवाजातला राग कुठे गेला ते त्यांनाही कळलं नाही.

"आधी डिंकानं. तर निसटाया लागल्या. मग म्या फरशीवाल्याकडून पांढरं सिमेंट आणलं."

"सिमेंटमध्ये टोचून?"

"ओलं आसतानाच. लय घाई करावी लागती. बोटं कापली माझी. लेकीच्या सासरहून आलं तवा नदी समदी झडलेली व्हती. तसंच पुढं दिऊन टाकाय निघाले, पर म्हटलं, कोरडी गंगा कशी द्यायची कुनाला?"

"आणि ही बाई वाकलीय ती कशी उभी राहिली? चिंधी तर मऊ असते."

"आत खराट्याची काडी हाय. हात लावून बगा."

ज्योत्स्नाबाईंनी हात लावून पाहिलं. मग त्या जमिनीवरच बसल्या, पैठणीसकट, आणि मंगलाबाई त्यांच्या शेजारी. बोरस्ते साहेब आशीर्वादाच्या अक्षता हातात घेऊन उभे होते. बोरस्तेवहिनींनी चित्र पाहिलं आणि त्या घाईने आइस्क्रीमच्या टेबलाकडे गेल्या. लताबाई काळे मणी अजून आहेत का ते शोधत होत्या.

"तुमी बी करता व्हय असलं काई?" मंगलाबाईंनी विचारलं.

दिनेशराव बायकोकडे बघत राहिले. एवढं सोपं होतं. एक वाक्य पुरलं असतं.

"करते," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "पण माझं एकही पुरं होत नाही हो."

"पुरं?" मंगलाबाईंना हसू आलं. "ह्ये तरी कुटं पुरं झालंय? ह्यो कोपरा बगा की. नुसतं पानी. हितं होडी पायजे. लय डोकं चालवलं, पर होडी कशाची करावी ते सुचंनाच."

ज्योत्स्नाबाईंनी कोपऱ्याकडे बघितलं, आणि गेल्या दोन वर्षांत न आलेलं काहीतरी त्यांच्या तोंडावर एकदम आलं. खरंच, होडी हवी होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दिनेशराव आइस्क्रीमचा रिकामा कप आणि लाकडी चमचा घेऊन कचऱ्याच्या टोपलीकडे चालले होते, आणि दोघीजणी एकाच वेळी उठून उभ्या राहिल्या.

"अहो," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "तो चमचा टाकू नका."